मापात पाप नसावे : महायुद्धाच्या काळातील पाळी परिसराचा गावकारभार

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला म्हणजे गोमंतकात सहसा मुरगाव बंदरात पेटलेल्या जर्मन जहाजांची हकिकत सांगितली जाते. ती हकिकत खरी आहे आणि रोमहर्षकही आहे. परंतु डिचोली महालातील पाळी, कोठंबी, वेळगे, सुर्ला, न्हावेली या गावांना युद्धाचा जो अनुभव आला, तो जहाजांच्या ज्वाळांतून आला नाही. तो तांदळाच्या मापातून, घासलेटच्या बाटलीतून आणि कचेरीच्या कागदातून आला. रणभूमीचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. गावच्या टंचाईचा इतिहास मात्र रेजिदोर, कारकून, दुकानदार आणि देवस्थानचा खजिनदार या साध्या माणसांच्या रोजच्या कामात दडलेला असतो. त्या काळी कोणाच्या चुलीवर भात शिजला आणि कोणाच्या चुलीवर नुसती पेज उकळली, हे ठरविण्यात या माणसांच्या मापाचा आणि लेखणीचा वाटा मोठा होता. म्हणून या दुर्लक्षित कारभाराकडे थोडे बारकाईने पाहणे उचित होईल.

कागदावरची तटस्थता

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली. त्याच दिवशी सालाझार यांच्या सरकारने पोर्तुगाल तटस्थ राहील असे घोषित केले. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. राजनीतीच्या भाषेत एवढे पुरेसे होते. त्या वेळी गोव्याच्या गव्हर्नर-जनरल पदावर जुझे रिकार्दु परेरा काब्राल हे होते. १९३८ ते १९४५ अशी जवळजवळ सगळी युद्धवर्षे त्यांच्याच कारकिर्दीत गेली.

युद्ध सुरू झाल्यानंतर एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि अँफोरा हे इटालियन जहाज मुरगावच्या आश्रयाला आले. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून आलेल्या निमलष्करी ब्रिटिश मंडळींनी रात्रीच्या अंधारात एरेनफेल्सवर छापा घातला. तेव्हा खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडविली. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांनी या छाप्यावर पुस्तक लिहिले आणि १९८० मध्ये त्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला. त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९४३ मध्ये, स्वीडनचे ग्रिप्सहोम आणि जपानचे तैया मारू ही जहाजे मुरगावला समोरासमोर लागली आणि दोन्ही बाजूंच्या सुमारे दीड-दीड हजार अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल झाली. तटस्थ बंदराचा जगाला झालेला हा उपयोग होय.

परंतु तटस्थतेने भात पिकत नाही. गोव्याचे स्वतःचे भात वर्षभर पुरत नसे. तूट भरून निघे ती मुख्यतः ब्रह्मदेशाच्या तांदळाने. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि तो पुरवठा बंद झाला. हिंदी महासागरात जहाजांची वाण पडली. तटस्थ देशाच्या जहाजालाही मालाची ने-आण करण्यासाठी ब्रिटिशांचा दाखला घ्यावा लागे. मुरगावाहून कॅसलरॉकला जाणारी आगगाडी होती, पण घाटाच्या पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचे स्वतःचेच धान्यनिर्बंध होते. उत्तरेला दोडामार्गाच्या अंगाने सावंतवाडी संस्थान लागून होते, परंतु तेही त्याच निर्बंधांच्या जाळ्यात. १८७८ च्या तहाने पोर्तुगीज आणि ब्रिटिश हद्दींमधील जकात काही काळ एक झाली होती. तो तह १८९२ मध्ये संपल्यापासून ही सरहद्द पुन्हा जकातनाक्यांची सरहद्द बनली होती. युद्धाने ती अधिकच घट्ट आवळली. सारांश, लढाई गोव्याच्या हद्दीत आली नाही, पण लढाईने गोव्याची ताटे मात्र गाठली.

गावातला सरकारचा हात

हा भार उचलण्यासाठी गावात कोणती यंत्रणा होती, हे पाहिले पाहिजे. डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतील महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अंमलाखाली आले. महालाचा मुख्य आदमिनिस्त्रादोर असे. त्याच्या हाताखाली गावोगावी रेजिदोर. महालाच्या ठिकाणी 'कामर म्युनिसिपाल' म्हणजे नगरपालिका. बाजाराची व्यवस्था, वजनमापांची तपासणी, रस्त्यावरचे दिवे, विहिरी, साफसफाई ही तिची नित्याची कामे.

१९३० च्या वसाहत कायद्याने आणि १५ नोव्हेंबर १९३३ च्या वसाहती प्रशासन सुधारणेने सगळी सूत्रे वरच्या हाती एकवटली होती. पालिकेच्या प्रमुखपदी सरकारने नेमलेला माणूस असे. रेजिदोर सरकारचा. आदमिनिस्त्रादोर तर सरकारचाच. वृत्तपत्रांवर छापण्यापूर्वीच नजर फिरे. लग्नपत्रिका छापायची तरी परवानगी घ्यावी लागे, हे त्या पिढीतील पुष्कळांच्या तोंडी असलेले वाक्य आहे.

कारभाराची भाषा पोर्तुगीज होती आणि गावाचा हिशेब मराठीत चाले. हा तपशील लहान दिसतो, पण त्यावर पुष्कळ काही अवलंबून होते. 'बोलेतिं ओफिसियाल' या राजपत्रात एखादा हुकूम छापला जाई. महालाच्या कचेरीबाहेर त्याची नोटीस लागे. पाळीच्या कुळाला तो वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. मग रेजिदोर सांगेल तो हुकूम आणि कारकून समजावील तो अर्थ. अर्ज करायचा तर सेलाचा, म्हणजे सरकारी मुद्रेचा कागद हवा, पोर्तुगीज लिहिणारा हवा आणि डिचोलीला एक खेप हवी. पावसाळ्यात नदीनाले ओलांडून ती खेप करणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. शांततेच्या काळात माणूस अशा कचेरीपासून चार हात दूर राहून दिवस काढू शकत असे. टंचाई आली तेव्हा ते दूर राहणे संपले, कारण आता भाताचा प्रश्न कागदाशी बांधला गेला होता.

पुरुमेत आणि साठा

बाहेरचा तांदूळ आटल्यावर सरकारला त्याचे वाटप आपल्या नियंत्रणाखाली घ्यावे लागले. नियंत्रित वाटप म्हटले की तीन गोष्टी ओघानेच येतात : घरागणिक माणसांची यादी, हाती असलेल्या धान्याची नोंद आणि ठरलेल्या भावाने ठरलेले माप. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात यांतील प्रत्येक गोष्ट गावच्या व्यवहाराच्या मुळाशी जाऊन भिडते.

यादीचे पाहू. घर म्हणजे काय? एका छपराखाली दोन चुली असतील तर ते एक घर की दोन? मुंबईला चाकरीला असलेला आणि चतुर्थीला घरी येणारा मुलगा मोजावा की नाही? घाटावरून किंवा सावंतवाडीकडून हंगामी कामाला आलेला मजूर कोणत्या गावच्या यादीत? नवरा वारल्यानंतर माहेरी येऊन राहिलेली बाई कोणाच्या नावाखाली? महालाच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असणे शक्य नव्हते. ती ठाऊक होती गावातल्याच माणसांना. म्हणून कोणत्याही रेशनची खरी किल्ली गावातल्या यादी करणाऱ्याच्या हाती राहते. तो न्यायी असेल तर ज्याला कोणी वाली नाही तोही यादीत येतो. तो पक्षपाती असेल तर घरात खाणारी तोंडे पाच आणि कागदावर तीन, किंवा याच्या उलटही होऊ शकते.

साठ्याची नोंद त्याहूनही नाजूक. गोमंतकात पावसाळ्यापूर्वी घराघरांत 'पुरुमेत' भरण्याची जुनी रीत आहे. तांदूळ, मीठ, मिरची, सुके मासे, चिंच, सोले, जळाऊ लाकूड, सगळे मृगापूर्वी घरात यावे, कारण पुढचे चार महिने वाट बंद. यात लबाडी कसलीही नाही. ते गृहस्थधर्माचे शहाणपण आहे. परंतु धान्यनियंत्रणाच्या नजरेला कणगीत भरलेले भात म्हणजे साठा. पुरुमेत कोठे संपते आणि साठेबाजी कोठे सुरू होते? सात माणसांच्या घरातल्या दोन खंडी भाताला दडविलेले धान्य म्हणायचे काय? आणि ज्या भाटकाराच्या कोठारात खंडांची रास आहे, त्याच्या तोंडची 'ही घरची बेगमी' ही सबब मान्य करायची काय? कायद्याच्या कलमात याचे उत्तर सापडत नाही. ज्याला त्या घरची माणसे, त्या शेतीची सरद आणि वायंगणाची पिके आणि त्या कोठाराचा आकार माहीत आहे, त्यालाच ते देता येते. शिवाय ते उत्तर देण्याचे धैर्यही लागते, कारण भाटकाराच्या कोठारापाशी जाऊन माप मागणे हे गरिबाची कणगी उघडविण्याइतके सोपे कधीच नव्हते.

मग माप. गोव्यात वीस कुडवांची एक खंडी हा हिशेब घरोघरी माहीत होता. पण कुडव शिगोशीग भरायचा की काठाशी सपाट करायचा, यावर सगळे अवलंबून. खंड घेताना शिगेचे माप आणि मजुरी देताना सपाट माप, ही तक्रार आपल्या समाजात फार जुनी आहे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. एरवी अशा मापाने दोन-चार शेर धान्य इकडचे तिकडे होई. टंचाईत त्याच फरकाने एखाद्या घराची रात्रीची पेज जात असे. वजनमापे तपासणे हे पालिकेचे जुने, कंटाळवाणे, कोणाच्याही डोळ्यांत न भरणारे काम. युद्धाने त्या कामाला जीवनमरणाचे महत्त्व आणून दिले.

ज्यांच्या वाट्याला तांदूळ अपुरा आला, ते रानाकडे आणि परसाकडे वळले. नाचणी, वरी, कुळीथ यांची भर भाताला पडली. कणगी, कारांदे, सुरण, फणस, नीरफणस यांनी कित्येक दिवस निभावून नेले. हे अन्न आपल्या मातीतले आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. तरी ते आवडीने खाणे वेगळे आणि दुसरे काही नाही म्हणून खाणे वेगळे.

घासलेट, मोड आणि चोरवाट

टंचाई एकटी येत नाही. ज्या गावांत वीज पोचलेली नव्हती तेथे रात्रीचा उजेड म्हणजे घासलेट. ते परदेशातून येणारे. ते कमी पडले तेव्हा बाजारपेठेच्या दिव्यांत घालायचे की घराघरांत वाटायचे, असा प्रश्न उभा राहणारच. कापड महागले. छपाईचा आणि लिहिण्याचा कागद दुर्मीळ झाला आणि त्याच वेळी कारभाराची कागदाची भूक मात्र वाढत गेली.

पैशाचीही तीच गत. गोव्याची रुपिया सोळा टांग्यांची आणि ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीने चालणारी. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील महागाई सरहद्दीवर जकात न भरता आत आली. तेथील घाऊक किमती १९३९ ते १९४५ या काळात दुपटीहून अधिक चढल्या. धातूच्या टंचाईमुळे मोडीचे नाणे तेथे दुर्मीळ झाले आणि १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघू लागला. मुंबईहून येणारी मनीऑर्डर आकड्याने तीच राहिली, पण तिच्यात बसणारे धान्य आटत गेले. ठरलेल्या रोख वेतनावर जगणारे कारकून, शिक्षक, शिपाई आणि मजूर यांना याची झळ अधिक लागली. ज्याच्या हाती भात होते, तो त्या मानाने सावरला.

सरहद्दीवर बंदी आली की चोरवाट आलीच. डिचोली आणि पेडणे या महालांच्या डोंगरवाटा मुख्य रस्त्यांवरच्या नाक्यांना वळसा घालून जातात. अशा वाटेने डोक्यावरून तांदळाची पोटली आणणारा बापडा आणि रात्रीच्या काळोखात गाडे भरून माल नेणारा व्यापारी हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच. परंतु एकाच्या मागे पोट होते आणि दुसऱ्याच्या मागे नफा. नाक्यावर सापडायचा तो बहुधा पोटलीवाला. टंचाईच्या कारभारातील ही विसंगती कोणत्याही राज्यात आढळते. गोवा त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

देवस्थानच्या वहीतली महागाई

या सगळ्याचा परिणाम देवस्थानांवर होणे अपरिहार्य होते. ३० मार्च १९३३ च्या ६४५ क्रमांकाच्या कायद्याने देवस्थानांची नियमावली लागू झाली होती. तिच्यानुसार महाजनांची समिती तीन वर्षांसाठी निवडायची, अध्यक्ष, खजिनदार, मुखत्यार यांनी कारभार पाहायचा, वर्षाचे अंदाजपत्रक करायचे आणि आदमिनिस्त्रादोरच्या देखरेखीखाली हिशेब ठेवायचा. ही नियमावली आजही लागू आहे, फक्त आदमिनिस्त्रादोरच्या जागी आता मामलेदार आहे.

आता युद्धकाळातील अशा एखाद्या अंदाजपत्रकाची कल्पना करावी. नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ, उत्सवाचा खर्च, पुजारी, वाजंत्री, भाविणी, दिवटीवाले अशा सेवेकऱ्यांचे वेतन हे सारे मंजूर आकड्यांत बांधलेले. आकडे वर्षाच्या आरंभी ठरले आणि भाव मात्र वर्षभर चढत राहिले. देवाचे तेल कमी करावे, की सेवेकऱ्याचा वाटा? की उत्सवाचे एखादे अंग आखडते घ्यावे? वाढीव खर्चासाठी पुन्हा मंजुरी घ्यायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा सेल, पुन्हा खेप. ज्या देवस्थानांना खंड भाताच्या रूपाने मिळे त्यांची बाजू थोडी सुसह्य. ज्यांचे उत्पन्न रोख होते त्यांची ओढाताण अधिक.

सेवेकऱ्यांचे वाटे धान्यरूपाने ठरलेले असणे ही एरवी जुनाट वाटणारी पद्धत महागाईत मोठी आधार देणारी ठरते, कारण कुडवभर भात हे भाव कितीही चढले तरी कुडवभरच राहते. रोख वेतनाचे तसे नसते. पूर्वजांनी ही व्यवस्था करताना अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडला नव्हता. दुष्काळाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, एवढेच.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मत देऊन माणसे निवडणे, त्यांच्याकडून हिशेब मागणे, सभेत उठून प्रश्न विचारणे ही सवय त्या काळी गावात कोठे शिल्लक असेल, तर ती मुख्यतः देवस्थान आणि कोमुनिदाद या संस्थांत. पालिका आणि रेजिदोर वरून नेमलेले. समिती मात्र खालून निवडलेली. परंतु हा हक्क महाजन कुळांतील पुरुषांपुरता होता. कूळ, मजूर, सेवेकरी आणि समस्त स्त्रिया यांना त्यात जागा नव्हती. टंचाईची झळ ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लागली, त्यांना ना कचेरीत आवाज होता, ना चौकात. देवस्थानचा गौरव करताना ही उणीव झाकून ठेवण्यात भूषण नाही.

शेजाऱ्यांचे धडे

त्याच सुमारास हिंदुस्थानात इतरत्र काय घडले, ते पाहिले म्हणजे गावपातळीवरील कारभाराचे मोल कळते. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा सुमारे १५ लक्ष दिला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लक्षांच्या घरात नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्य मुळातच नव्हते असे नाही. भाव भडकले आणि भूमिहीन मजूर, मच्छीमार, कारागीर यांच्या हाती ते विकत घेण्याची ताकद उरली नाही. शहराची काळजी घेतली गेली. खेड्यातल्या माणसापर्यंत पोचणारी यादी आणि माप यांची व्यवस्था मात्र वेळेवर उभी राहिली नाही.

याउलट मुंबई शहरात मे १९४३ पासून रेशन सुरू झाले आणि मुंबई इलाख्याने ती आपत्ती टाळली. त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने तर गोव्यासारखीच समुद्रकाठची, नारळाची आणि ब्रह्मदेशाच्या तांदळावर विसंबलेली. तेथे हाल पुष्कळ झाले, तरी शहरांप्रमाणेच खेड्यांनाही रेशनच्या कक्षेत आणण्याचे काम त्यांनी नेटाने केले. या तुलनेतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. टंचाईत माणसे वाचतात ती गोदामातल्या धान्याने जितकी, तितकीच शेवटच्या घरापर्यंत पोचणाऱ्या कारकुनाच्या वहीने. ती वही खरी असेल तर थोडे धान्यही पुरवून पुरते. ती खोटी असेल तर भरलेले गोदामही उपाशी ठेवते.

गोव्यात बंगालसारखा संहार झाला नाही. परंतु १९४० च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लक्ष ४१ हजार होती आणि १९५० च्या गणनेत ती सुमारे ५ लक्ष ४७ हजार भरली. आधीच्या नऊ वर्षांत ३५ हजारांची वाढ आणि या दहा वर्षांत साडेसहा हजारांची. पोट भरण्यासाठी मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका गाठणाऱ्यांचा यात वाटा मोठा असला पाहिजे. गावाची ताकद अशा रीतीने बाहेर वाहत होती.

मोजलेली पण न विचारलेली माणसे

राजधानी पणजीत त्या वर्षांत पालिकेचे प्रमुखपद डॉ. फ्रोइलानु द मेलु यांच्यासारख्या जगन्मान्य जंतुशास्त्रज्ञाकडे होते. १९३८ ते १९४५ अशी त्यांची कारकीर्द. तेव्हा वरून नेमलेला माणूस नेहमी अयोग्यच असतो असे म्हणता येणार नाही. गावोगावच्या रेजिदोरांत आणि कारकुनांतही आपल्या मापाला जपणारे, गरिबाची खेप वाचविणारे लोक असणारच. प्रश्न व्यक्तीच्या चांगुलपणाचा नव्हता. माणूस चांगला मिळाला तर नशीब आणि वाईट मिळाला तरी नशीबच, अशी ती रचना होती. त्याला बदलण्याचा, जाब विचारण्याचा मार्ग गावापाशी नव्हता.

युद्धाच्या सहा वर्षांत सरकारने गावातल्या माणसाला पूर्वी कधी नव्हे इतके मोजले. घरात किती तोंडे, कणगीत किती भात, बाटलीत किती तेल, सारे विचारले. फक्त कारभार कसा चालावा, हे विचारले नाही. १९४४ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावर पुस्तिका लिहिली आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले. त्या दिवशी मागणी होती ती नागरी स्वातंत्र्याची, म्हणजे बोलण्याची, लिहिण्याची, सभा भरविण्याची मोकळीक. युद्ध संपून तेव्हा वर्षही पुरते उलटले नव्हते. ज्या लोकांनी सहा वर्षे रांगेत उभे राहून माप घेतले होते, त्यांना ती मागणी कळायला मोठ्या भाष्याची गरज नव्हती. आपल्या ताटातल्या भाताबद्दल तोंड उघडायला परवानगी लागते, हे त्यांनी अनुभवले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये ग्रामपंचायतीचा कायदा लागू होऊन त्याच वर्षी पंचायतींच्या पहिल्या निवडणुका झाल्या. त्यांत कूळ, मजूर आणि स्त्रिया यांनी महाजनांच्या आणि भाटकारांच्या बरोबरीने मत दिले. १९९४ च्या पंचायतराज कायद्याने ग्रामसभेला बळ दिले आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या. रेजिदोराच्या दारात उभी राहिलेली बाई आणि पंचायतीत सही करणारी तिची नात यांच्यामध्ये जेमतेम पन्नास वर्षांचे अंतर आहे.

जुन्या वह्यांचे मोल

या काळाची साधने अजून आपल्या घरांत आणि देवस्थानांत असू शकतात. गोव्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते आणि दियोगु दु कोउतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार होता. तेथे सरकारचे कागद आहेत. परंतु सरकारच्या कागदात हुकूम सापडतो, तो हुकूम गावात कसा उतरला हे सापडत नाही. ते सापडेल देवस्थानच्या रोजकिर्दीत, खतावणीत, तेलाच्या आणि तांदळाच्या भावाच्या नोंदीत, खंडाच्या पावत्यांत, एखाद्या माळ्यावरच्या पेटीतल्या मुंबईच्या पत्रात. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांच्या नैवेद्याच्या नोंदी ओळीने मांडल्या, तरी त्या महागाईचा आलेख कोणाही अभ्यासकाला काढता येईल.

वाळवी मात्र इतिहास वाचीत नाही, ती कागद खाते. खाणींच्या धुळीने, पावसाच्या ओलीने आणि घरांच्या वाटण्यांनी यांतील पुष्कळ काही आधीच नाहीसे झाले असेल. जे उरले आहे ते महाजनांनी एकत्र करावे, त्याची यादी करावी, जीर्ण पाने अभिलेखागाराच्या मदतीने सुरक्षित करावी आणि प्रती अभ्यासकांना खुल्या ठेवाव्यात. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक कोरडे कपाट आणि नेमाने लक्ष घालणारा एक माणूस पुरेसा आहे. ज्या अनाम हातांनी त्या कठीण वर्षांत माप काठाशी न्याय्य भरले आणि ते वहीत खरे लिहिले, त्यांच्या अक्षरांवर वाळवी चढू न देणे एवढे तरी ऋण या पिढीने फेडावे.